करंगळी जागी राहिली, शंभराचा बेत मात्र बदलला

अखेर जमलं! परवाची 80 किलोमीटरची सायकल राइड संपली तेव्हा एरवी बधिर होणारी डाव्या हाताची करंगळी पूर्ण शुद्धीवर होती. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, उतारावर ब्रेक दाबताना बोटांवर भरवसा ठेवता आला. मागच्या वेळी चढाबद्दल सविस्तर लिहीन म्हणालो होतो, पण आज हाताचंच पुराण, कारण आपल्यातल्या किती जणांनी लांब राइडवर हात बधिर होण्याची हीच तक्रार केली आहे ते आठवतंय. मदतनिधीसाठी ठरवलेल्या शंभर किलोमीटरच्या राइडचा बेत का बदलला, तेही शेवटी सांगतो.

माझा त्रास करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू, एवढाच होता. ही अल्नर नर्व्हची (करंगळीकडे जाणाऱ्या मज्जातंतूची) हद्द. मनगटापाशी ती गुयॉन कॅनाल नावाच्या अरुंद वाटेने तळहातात शिरते आणि हूड्सवर (ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी पकडीवर) भार टाकला की नेमका तोच भाग दाबला जातो. तुमचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर ती मीडियन नर्व्ह, तेव्हा आधी कोणती बोटं झोपतात ते नीट बघा. फिजिओथेरपिस्टने मला एक सोपी चाचणी दाखवली. राइड संपल्यावर अनामिका आणि करंगळीच्या बेचक्यात कागदाचा कपटा धरायचा आणि दुसऱ्या हाताने ओढायचा. उजवीकडे कागद फाटायची वेळ यायची, डावीकडून तो अलगद निसटायचा. बोटं एकमेकांकडे ओढणारे छोटे स्नायूसुद्धा याच नर्व्हवर चालतात ना! परवा दोन्ही हातांची पकड सारखी निघाली. मी तो कपटा पुन्हा पुन्हा ओढून बघत बसलो, इतका आनंद झाला. (मुंग्या थोड्या वेळाने जात असतील तर सायकलवरची बसण्याची ठेवण तपासा. पकड कमजोरच राहत असेल तर सायकल बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.)

आता उपाय. हँडलबारवर गुंडाळायची टेप दुहेरी केली, टायर 25 वरून 28 मिलिमीटरचे घेतले, हवा कमी केली. टायरने खडबडीत रस्त्यावर फारच सुख दिलं, पण करंगळी झोपायची ती झोपायचीच. जाड जेलच्या ग्लोव्हजबद्दल माझं मत आता पक्कं झालंय: जेलची गादी नेमकी नर्व्हवर आली तर दाब उलट वाढतो. पातळ ग्लोव्हज बरे. मग 100 ऐवजी 80 मिलिमीटरचा स्टेम (हँडलबारला सायकलशी जोडणारा तुकडा) मागवला. विक्रेत्याने 31.8 मिलिमीटर जाडीच्या हँडलबारसाठी 25.4 च्या पकडीचा स्टेम पाठवला आणि वर बदलून द्यायला इतके दिवस लावले की त्याच्याकडून पुन्हा काही घेणार नाही. योग्य स्टेम बसला, खांदे मोकळे झाले, मुंग्या मात्र थोड्या उशिरा यायला लागल्या, एवढाच फरक.

गाठ सुटली ती सॅडलपाशी. सॅडलवर सपाट फळी ठेवून लेव्हल (पाणसळ) लावली तर सॅडलचं नाक, म्हणजे पुढचं टोक, सुमारे 3 अंश खाली. डोळ्यांना हे दिसतही नाही. पण शरीर सतत पुढे घसरतं आणि प्रत्येक पेडलला हात त्याला मागे ढकलत राहतात. घरच्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) हे ताडून बघा. मध्यम जोर लावून पेडल मारताना पाठ न हलवता तळहात हूड्सपासून बोटभर उचला. तोल पुढे जात असेल तर हातांवर नको तेवढा भार आहे. माझा पार पुढे जायचा.

माझ्या सीटपोस्टला (सॅडलखालच्या नळीला) दोन बोल्ट आहेत. पुढचा पाव फेरा सैल, मागचा पाव फेरा घट्ट, पुन्हा लेव्हल, असं करत नाक सपाट आणलं. सॅडल 12 मिलिमीटर मागे सरकवलं. मागे सरकवलं की पेडलपर्यंतचं अंतर वाढतं, म्हणून उंची 4 मिलिमीटर कमी केली. हे विसरू नका, नाहीतर हातांचा त्रास सुटतो आणि गुडघ्याची मागची बाजू धरते. बोल्ट सीटपोस्टवर छापलेल्या न्यूटन-मीटरलाच आवळा. छोटी टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) ही प्रत्येकाची पहिली खरेदी असावी, पायांची ताकद मोजणारा पॉवर मीटर कितीतरी नंतर.

डावाच हात का? उजवा गिअर, बाटली यांत सारखा हलतो, डावा तासन्तास एकाच जागी. म्हणून आता दर दहा मिनिटांनी हूड्स, टॉप्स (हँडलबारचा वरचा सपाट भाग), ड्रॉप्स (खालचा वाकलेला भाग) अशी जागा बदलतो.

चढाचं थोडक्यात: 11-34 कॅसेट (मागच्या चाकावरचा 11 ते 34 दात्यांच्या चक्रांचा संच) बसवली. पुढे 34, मागे 34 दाते असताना पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 2.1 मीटर पुढे जाते, म्हणजे 70 च्या केडन्सला (मिनिटाला पेडलचे 70 फेरे) ताशी 9 किलोमीटर. पूर्वी ज्या 7 टक्क्यांच्या चढावर उभं राहावं लागायचं, तिथे आता बसून जातो. फार समाधान वाटतं.

आता मदतनिधीच्या शंभर किलोमीटरबद्दल. दृष्टिहीन मुलांच्या शाळेतल्या ब्रेल पुस्तकांसाठी दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम, असं आवाहन केलं होतं. ते बदलतोय. हात बधिर झाला तर थांबायला हवं, आणि थांबलं की मुलांचे पैसे बुडणार, हा पेच उतारावर डोक्यात नको. त्यामुळे देणगी एकरकमी, थेट शाळेच्या खात्यात, पावतीही शाळेचीच. शंभर किलोमीटर पाच तासांत करायचं लक्ष्यही सोडलं. 200 किलोमीटरची बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) पुढच्या हंगामात. साडेतेरा तास मिळतात, घाई नाही.

आणि हे लिहितानाच डोक्यात आलं: ज्यांच्यासाठी ही राइड, त्यांच्यातलंच कुणी सोबत का नको? पॅरालिम्पिक्समध्ये दृष्टिबाधित सायकलपटू डोळस पायलटच्या मागे टँडमवर (दोघांच्या सायकलवर) बसून शर्यती करतात. नव्वद किलोमीटर एकट्याने करीनच, पण शेवटचे 10 शाळेतल्या एखाद्या मोठ्या मुलासोबत टँडमवर करता आले तर? शाळेशी आणि पालकांशी उद्याच बोलतो. तुमच्यापैकी कुणी टँडमवर पुढे बसलं असेल तर दोन गोष्टी सांगा: मागच्याचं सॅडल आणि हँडलबार यांत अंतर किती ठेवता, आणि थांबून पुन्हा निघताना हाका कशा देता? शिवाय पुढच्याच्या हातांवर भार किती येतो तेही. करंगळी आत्ता कुठे जागी झाली आहे.