विशेषणाला माणूस हवा

भाचीच्या वहीत तीन रकाने आहेत: शब्द, अर्थ, वाक्य. बँकेच्या परीक्षेची तयारी चालू असल्यामुळे इंग्रजी शब्दांचा रोजचा रतीब. पहिले दोन रकाने भरगच्च. तिसऱ्यात मात्र पानोपानी एकच गृहस्थ. ‘ही इज अ फ्रूगल मॅन.’ ‘ही इज अ मेटिक्युलस मॅन.’ ‘ही इज अ गार्युलस मॅन.’ काटकसरी, काटेकोर आणि वर बडबड्या, असा पुरुष मला ठाण्याच्या नौपाड्यात तरी अजून भेटलेला नाही.

अशा वाक्याची परीक्षा सोपी. शब्दावर बोट ठेवायचं आणि उरलेल्या वाक्यावरून तो ओळखता येतो का पाहायचं. भाचीच्या वाक्यात डिक्शनरीतली निम्मी विशेषणं बसतील. पण ‘गोखले रोडवरचा आमचा शिंपी इतका मेटिक्युलस, की एका बाहीचं माप घेतल्यावर दुसऱ्या हाताचंही घेतो, दोन्ही हात सारखे असतात यावर त्याचा विश्वास नाही’ असं म्हटलं, की बोटाखालून शब्द डोकावतो. शब्द इंग्रजी आणि वाक्य मराठी, हे सुरुवातीला खुशाल चालतं. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

टेबल, खुर्ची पाठ करता येतात. विशेषण हा शेरा असतो, आणि शेरा मारायला आधी कुणाबद्दल तरी मत असावं लागतं. सॅम्युअल जॉन्सनला ते भरपूर होतं. १७५५ साली त्याने इंग्रजीचा कोश काढला आणि जुन्या लेखकांची वाक्यं त्यात हजारोंनी दिली. शिवाय ओट्सचा अर्थ देताना चिमटा काढून ठेवला: इंग्लंडात हे धान्य घोड्यांना घालतात, स्कॉटलंडात माणसं त्यावर जगतात. कोशाला हे शोभतं का? शोभो न शोभो, त्या जाडजूड ग्रंथातलं आज बहुतेकांना तेवढंच आठवतं.

पुढे ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी लोकांनी वाचनात आलेली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून टपालाने पाठवली. पहिला भाग १८८४ साली आला, काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं. शिकणाऱ्यांसाठीचा हॉर्नबीचा कोश १९४२ साली निघाला तो जपानात. हॉर्नबी तिथे इंग्रजी शिकवायचा. आणि १९८७चा कोबिल्ड हा कोश तर खरोखर लिहिली-बोललेली इंग्रजी संगणकात साठवून त्यातूनच उदाहरणं उचलणारा. बनवलेली वाक्यं बेचव लागतात, ही तक्रार काही माझ्या एकटीची नाही.

म्हणून आम्ही तिसरा रकाना माणसांनी भरायला घेतला. ‘इंटरमिनेबल’ला, म्हणजे न संपणाऱ्याला, कापूरबावडीचा सिग्नल मिळाला, पण तो अपवाद. बाकी सगळे ओळखीचे. खरी गंमत जोड्यांमध्ये आली. घरभर फिरून पंखे बंद करणारे आमचे अण्णा, म्हणजे तिचे आजोबा, ‘फ्रूगल’. नेमकं तेच करणारे तिचे काका ‘स्टिंजी’, म्हणजे कंजूष. मी विचारलं, पंखा तोच, बटण तेच, मग? ती म्हणाली, ‘मावशी, अण्णा वाचवलेल्या पैशांचं आइस्क्रीम देतात.’ इतका स्वच्छ फरक मी कुठल्याही कोशात वाचलेला नाही. ‘कॉन्फिडंट’ आणि ‘अ‍ॅरोगंट’ही तसेच वाटले गेले: पहिला तिच्या मैत्रिणीला, दुसरा त्या मैत्रिणीच्या भावाला.

एक अडचण आहे. पूर्वी ही वही डायनिंग टेबलवर उघडी पडलेली असायची. आता कपाटात, स्वेटरांच्या खाली असते, आणि ठाण्यात स्वेटर कुणी काढत नाही. ‘गार्युलस’च्या पुढे समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंचं नाव फ्लॅट नंबरासकट आहे. शब्द पक्का झाला, शेजार धोक्यात.

सध्या गाडी ‘टॅसिटर्न’वर अडली आहे. मितभाषी. सोसायटीत असा कुणीच सापडेना. तलावपाळीच्या बाकांवर संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींचा तर प्रश्नच नाही. मी वॉचमन सुचवला. ‘रात्री त्याचं फोनवरचं बोलणं ऐकलं नाहीस का तू?’ म्हणत तिने तो फेटाळला. काल वही पाहिली तर जागा भरली होती. टॅसिटर्न: बाबा. आणि पुढे कंसात, आई बोलत असताना.