एक इंच की पंचवीस मिलिमीटर? सीएनसीचे भाग छापण्यापूर्वीचा माझा अनुभव

मोस्टली प्रिंटेड सीएनसी या अमेरिकी रचनेच्या, संगणकाच्या सूचनांनुसार कटर फिरवून लाकडासारख्या वस्तू कापणाऱ्या यंत्राचे सांधे आणि कोपरे थ्रीडी प्रिंटरवर घरीच छापायचे असतात. पाईप, बेअरिंग, मोटारी आणि बेल्ट तेवढे बाजारातून आणावे लागतात. प्रत्यक्ष छपाईत सांगण्यासारखे फारसे काही घडले नाही. खरा खोळंबा झाला तो छपाईच्या आधी, कारण भागांच्या फायली पाईपच्या २३.५, २५ आणि २५.४ मिलिमीटर अशा तीन बाह्य व्यासांसाठी वेगवेगळ्या आहेत.

पहिले माप अमेरिकेतील वायरिंगच्या पाऊण इंची नळीचे असल्याने ते आपल्याकडे शोधण्यात अर्थ नाही. उरलेल्या दोहोंपैकी कोणते मिळेल, असे मी दुकानात विचारले, तर "एक इंची म्हणजेच पंचवीस हो, काय फरक पडतो?" असे उत्तर मिळाले. वर समोर ठेवला तो नळकामाचा जीआय पाईप, ज्याचा एक इंच आतल्या पोकळीचा असतो आणि जो बाहेरून ३३ मिलिमीटरच्याही पुढे भरतो. मला हवा होता रेलिंगचा स्टेनलेस स्टील पाईप, जो बाहेरून मोजला जातो. तो निघाला खरा, पण मी व्हर्निअर बाहेर काढताच मालकांनी बजावले की आधी अख्खी वीस फुटी लांबी घ्या, मग हवे तेवढे मोजत बसा. फरक पडतो तो असा की, या यंत्रात बेअरिंग थेट पाईपवरच धावतात. छापलेला भाग ०.४ मिलिमीटरने मोठा असला तर काही बेअरिंग पाईपला टेकतच नाहीत आणि कटर थरथरतो. लहान असला तर बोल्ट आवळताना तो थरांच्या रेषेत तडकतो. शेवटी ज्या दुकानदाराने मोजू दिले त्याच्याकडूनच पाईप घेतला. तो २५.४ चा निघाला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मोजताना व्हर्निअर नव्वद अंशांत फिरवून पुन्हा माप घ्यावे, कारण स्वस्त पाईप किंचित लंबगोल असतो.

छपाईच्या प्लास्टिकांपैकी पीएलएच घ्यावे. ते पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकपेक्षा ताठ असते, आणि येथे ताठपणाच महत्त्वाचा आहे. मात्र ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, त्यामुळे छापलेले भाग मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नयेत. बोल्टची भोके नेहमी थोडी लहान छापली जातात. ती मोठी करण्यासाठी ८ मिलिमीटरचे ड्रिल बिट मशीनला न लावता हाताने फिरवावे, कारण वेगाने फिरवल्यास पीएलए वितळून बिटला चिकटते. पहिला थर प्रिंटरच्या बेडवर, म्हणजे छपाईच्या पाटावर, दबून काठ फुगलेला असल्यास तो कानशीने साफ करावा. आणि हे खरे तर आधीच सांगायला हवे होते: मधला मोठा भाग छापायला एका दिवसाहून अधिक वेळ लागतो, म्हणून त्याआधी त्याच पीएलएची आणि पाईपच्याच मापाची एक पातळ कडी छापून ती पाईपवर चढवून पाहावी.