एमजीबीचे थंड स्टार्टिंग: दोष कार्ब्युरेटरमध्ये नव्हता

माझी गाडी गार सकाळी चालू होत नव्हती, आणि त्याबद्दलच्या मागच्या नोंदीचा शेवट इंधनावरच्या संशयाने झाला होता. तो संशय आता पूर्णपणे मिटला आहे, कारण पारा दोन अंशांवर असताना माझी १९७६ ची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार पहिल्याच सेल्फला पेटली आणि तीही चोक (गार इंजिनासाठी पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी खेच) अर्धाच ओढलेला असताना. या हिवाळ्यात असे प्रथमच घडले, म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

लक्षण आपल्याला ठाऊक आहेच. गार इंजिन सेल्फवर जोरात फिरते, पण पेट घेत नाही. आणि कंटाळून किल्ली सोडावी, तर नेमक्या त्याच क्षणी एखादा फटका देते आणि कधीकधी पकडतेही. गरम इंजिनाला मात्र काहीच अडचण येत नाही. इथे इंग्लंडच्या मिडलँड्स भागात सकाळी दवाने भिजलेल्या गाडीबाबत सगळे प्रथम ओलावा, चोक आणि पेट्रोल यांचीच नावे घेतात, आणि मीही त्या तिन्ही गोष्टी क्रमाने तपासल्या. मागच्या बाजूचा एसयू कंपनीचा विजेवरचा पेट्रोल पंप किल्ली फिरवताच टिकटिक करतो आणि कार्ब्युरेटरचे फ्लोट चेंबर (पेट्रोलची छोटी टाकी) भरले की थांबतो. प्लग काढले तर ते ओले आणि पेट्रोलचा वास येणारे निघाले. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हची, फट गार इंजिनावर पंधरा थाउ (इंचाचे हजारांश) आहे. म्हणजे पेट्रोल आत पोहोचत होते, हवाही पोहोचत होती. कमी पडत होती ती ठिणगी. पण प्लग बाहेर काढून ब्लॉकला टेकवला की ठिणगी दिसत होती आणि याच गोष्टीने माझा सर्वाधिक वेळ खाल्ला. मोकळ्या हवेत उडणारी ठिणगी सिलिंडरमधल्या दाबाखाली, गार आणि ओल्या मिश्रणात तशीच उडेल याची काहीच खात्री नसते.

उत्तर मिळाले ते किल्ली सोडण्याच्या त्या क्षणातून. रबर बंपरच्या आपल्या गाड्यांमध्ये बॅलास्ट इग्निशन, म्हणजे रोधकातून पुरवठा घेणारी ठिणगीची यंत्रणा आहे. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल सुमारे दीड ओहमची, म्हणजे सहा व्होल्टवर चालण्यासाठी बनवलेली असते आणि तिच्याकडे येणारा करंट वायरिंगमधल्या गुलाबी-पांढऱ्या रोधक तारेतून येतो. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज दहाच्या खाली उतरतो, म्हणून तेवढ्या वेळापुरती ही रोधक तार वगळून पांढऱ्या-पोपटी तारेने स्टार्टरच्या सोलेनॉइडवरून (स्टार्टरवरच्या विद्युतचुंबकी स्विचवरून) थेट बॅटरीचा पुरवठा कॉइलला मिळावा, अशी ही रचना आहे. सहा व्होल्टच्या कॉइलला नेमक्या अडचणीच्या वेळी साडेनऊ-दहा व्होल्ट मिळतात आणि ठिणगी नेहमीपेक्षाही जोरकस पडते. गार सकाळसाठी याहून समर्पक योजना मला तरी माहीत नाही.

तपासणीसाठी मी कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाकडे) जाणारी तार काढली आणि कॉइलचे ऋण टोक थेट अर्थ केले, म्हणजे गाडीच्या धातूला जोडले. यामुळे डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) सतत मिटलेले असल्यासारखी स्थिती मिळते, इंजिन पेटत नाही आणि वाचन स्थिर राहते. यासाठी काट्याचा जुना मीटरच वापरावा. स्वस्त डिजिटल मीटरचे आकडे सेल्फ फिरत असताना इतके उड्या मारतात की त्यांवर विसंबता येत नाही. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर ९.८ व्होल्ट होते आणि कॉइलच्या धन टोकावर ४.८. किल्ली सोडताच कॉइलवरचा काटा सहाच्या वर गेला. गाडी किल्ली सोडताना का फटका देत होती, ते त्या एका हालचालीत स्पष्ट झाले. मग अर्थ केलेले टोक पूर्ववत करून बॅटरीपासून कॉइलपर्यंत क्लिपांची तात्पुरती तार जोडली आणि सेल्फ मारला. पहिल्याच आवर्तनात चारही सिलिंडर पेटले. इंजिन चालू होताच ती तार काढणे अत्यावश्यक आहे, नाहीतर कॉइल तापते आणि पॉइंटही जळतात.

कारण गाडीखाली सापडले. आधीच्या मालकाने बसवलेल्या आधुनिक गिअर स्टार्टरला बॅलास्टचे वेगळे टोकच नाही आणि पांढरी-पोपटी तार टेपमध्ये गुंडाळून तशीच सोडलेली होती. गिअर स्टार्टर विकणाऱ्यांनी ही गोष्ट डब्यावर ठळक छापायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टार्टर म्हणून तो उत्तमच आहे; वजनाला हलका, कमी करंट खेचणारा आणि इंजिन वेगाने फिरवणारा. पुण्यात असा दोष असलेली गाडी वर्षानुवर्षे विनातक्रार चालू होऊ शकेल, कारण पंचवीस अंशांत पेट्रोलची वाफ सहज होते आणि क्षीण ठिणगीही ती पेटवते. दोन अंशांत मात्र पेट्रोल थेंबांच्या रूपातच राहते, २०डब्ल्यू-५० दर्जाचे इंजिन तेल घट्ट होते, बॅटरीचा जोर उतरतो आणि हे तिन्ही परिणाम एकाच वेळी समोर येतात.

दुरुस्तीसाठी तीन ओहमची, म्हणजे बारा व्होल्टवर चालणारी कॉइल घेऊन बॅलास्ट कायमचा वगळावा, असे प्रथम ठरवले होते. ही नोंद लिहिताना मात्र तो बेत मी बदलत आहे. तीन ओहमच्या कॉइललाही सेल्फच्या वेळी ९.८ व्होल्टच मिळणार, म्हणजे ती नेमकी गार सकाळी अर्धपोटी राहणार; कारखान्याची मूळ योजना यापेक्षा सरस आहे. सोलेनॉइडच्या ट्रिगरपासून (त्याला चालू करणाऱ्या टोकापासून) कॉइलपर्यंत साधी तार ओढण्याचा सल्लाही वारंवार दिला जातो, पण तसे केल्यास इंजिन चालू असताना कॉइलकडून उलटा करंट सोलेनॉइडकडे जातो. म्हणून चार टोकांचा साधा रिले (विजेने चालणारा स्विच) फ्यूजबॉक्सशेजारी बसवणार आहे: ३० क्रमांकाला तपकिरी तारेवरून फ्यूजमार्गे पुरवठा, ८७ पासून कॉइलच्या धन टोकाला तार, ८५ अर्थ आणि ८६ ला किल्लीकडून स्टार्टर रिलेकडे येणारी पांढरी-लाल तार. मूळ पांढरी-पोपटी तार कॉइलकडच्या टोकाला शाबूत आहे, त्यामुळे तीच वापरता येईल. जोडणीला पितळी बुलेट (गोळीच्या आकाराची टोके) डाख देऊनच लावीन; रंगीत प्लॅस्टिकचे दाबून बसवायचे टर्मिनल या हवामानात काही वर्षांतच हिरवे पडतात.

याच निमित्ताने गिअरबॉक्सजवळची अर्थ पट्टीही काढून घासली. ती सैल असेल तर स्टार्टरचा करंट चोकच्या केबलमधून परत जातो आणि केबल हाताला गरम लागते, म्हणून ज्यांना असा अनुभव येत असेल त्यांनी आधी तिकडे पाहावे.

एक गोष्ट अजून उरली आहे. पेटल्यानंतर पहिले मिनिटभर इंजिन अडखळते. रबरी नळी कानाला लावून ऐकले असता पुढच्या आणि मागच्या कार्ब्युरेटरची फूस आता सारखी येते, आणि हे जुळवण्यात मोठे समाधान मिळाले. पण चोक ओढल्यावर मागच्या कार्ब्युरेटरचा (दोन्ही एसयू एचआयएफ-४ आहेत) चोकबरोबर फिरणारा कॅम पुढच्याच्या किंचित मागे राहतो. एचआयएफमध्ये आधीच्या एचएस-४ कार्ब्युरेटरसारखा जेट खाली येत नाही, तर फिरणारा छोटा व्हॉल्व्ह जादा पेट्रोल सोडतो, आणि त्याच्या दांड्यावरचे सील कडक झाले असावे असा माझा कयास आहे. दोन्ही कार्ब्युरेटरांचे सील एकत्रच बदलेन, त्यानंतर कॅमवरची खूण स्क्रूसमोर आणून फास्ट आयडल (चोक ओढलेला असतानाची इंजिनाची वाढीव गती) नव्याने लावीन. तोवर कुणी हे सील कार्ब्युरेटर गाडीवरून न उतरवता बदलले असेल, तर मागच्या कार्ब्युरेटरच्या बाजूला हात कसा पोहोचवला ते अवश्य कळवावे.