घरातला केबलवाला

संध्याकाळी साडेसातला कोकणातल्या एखाद्या वाडीतून पायवाटेनं चाललं की मालिका फुकटात ऐकायला मिळते. सगळ्यांकडे केबल होती तेव्हा एका ओटीवर अर्धं राहिलेलं वाक्य पुढच्या ओटीवर पुरं व्हायचं. आता पहिल्या घरात सासूबाईंनी सुनेला घराबाहेर काढलेलं असतं आणि दोन घरं पुढे गेलं तर ती अजून सुखानं चहा ढवळत असते. पहिलं घर केबलवर, दुसरं इंटरनेटवर.

हा फरक बहुतेक वेळा २० ते ४० सेकंदांचा असतो. केबलवर चित्र नळाच्या पाण्यासारखं सलग येतं. इंटरनेटवर तेच चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापतात, प्रत्येक तुकडा चार-पाच वेगवेगळ्या दर्जांत तयार ठेवतात, आणि घरातलं अ‍ॅप दोन-तीन तुकडे हाताशी जमल्याशिवाय दाखवायला सुरुवात करत नाही. ६ सेकंदांचा तुकडा धरला तर तीन तुकड्यांत १८ सेकंद तिथेच गेले. कापण्याचा आणि पोचवण्याचा वेळ वेगळा. मालिकेचं यानं काही बिघडत नाही. क्रिकेटचं बिघडतं. आपला गोलंदाज अजून चेंडू पँटीला घासत उभा असतो आणि शेजारच्या खळ्यातून ‘गेलो रे गेलो!’ अशी आरोळी येते. इंटरनेटवर राहून घरच्या घरी यावर काही इलाज नाही. खिडकी लावून घ्यावी, नाहीतर सामन्यापुरतं शेजारी जाऊन बसावं.

केबल काढून टीव्ही इंटरनेटवर घेण्याचा हिशेब लोक पैशात मांडतात आणि त्यात एक माणूस धरायचा राहून जातो. केबलवाला. कुठल्या माडावरून कुठल्या खांबावर वायर गेली आहे, कुठला जोड गेल्या पावसात गंजला, कुठल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यात मुंग्यांनी घर केलंय, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. खारी हवा तांब्याला सोडत नाही. सेट-टॉप बॉक्सच्या मागचा पेचाचा कनेक्टर वर्षा-दोन वर्षांत पांढरा पडतो, आतली तार हिरवी होते आणि चित्राचे चौकोन पडायला लागतात. केबलवाला येतो, तार इंचभर कापतो, नवा कनेक्टर दाबतो आणि आलेला चहा पिऊन जातो. केबल काढली की हे काम संपत नाही, घरातल्या कोणाच्या तरी गळ्यात पडतं. बहुधा ज्याला मोबाइल जास्त कळतो त्याच्या, आणि तो बहुधा बोरिवलीला नाहीतर डोंबिवलीला असतो.

पैशाचं म्हणाल तर सरळ आहे. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांनी बिलाची फोड दिसायला लागली: १०० चॅनेलांच्या जोडणीला जास्तीत जास्त १३० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यावर पैसेवाल्या चॅनेलांचे पैसे. पुढे चॅनेलांची संख्या वाढली, नियम बदलले, तरी बिलाचा घाट तोच राहिला. ब्रॉडबँडचा ३९९चा प्लॅन जीएसटीसकट ४७०.८२ला पडतो, आणि अ‍ॅपांची वर्गणी वेगळी. निव्वळ टीव्हीसाठी इंटरनेट घेत असाल तर पैसे वाचत नाहीत, उलट वाढतात. मुलांच्या अभ्यासाला नाहीतर ‘वर्क फ्रॉम होम’साठी वाय-फाय आधीच आलेलं असेल, तरच केबलचं बिल म्हणजे दुहेरी खर्च. मोबाइलच्या डेटावर टीव्ही चालवायचा विचार तर सोडूनच द्यावा. एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत खातं. रोजच्या दीड जीबीत अर्ध्या तासाची मालिका होते, तीही जाहिराती संपायच्या आत.

वेगाचा बाऊ मात्र करू नये. फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतं, फोर-केला १५ ते २५. दोन टीव्ही आणि चार मोबाइलच्या घराला ३० ते ५०चा प्लॅन पुष्कळ झाला. २००चा प्लॅन घेऊनही चित्र अडकतं, कारण खोट वेगात नसते, वायरीत नाहीतर भिंतीत असते.

फायबरची वायर खांबावरून घरात येते तिथे जातीनं उभं राहावं. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायला सांगा. वायर आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, वीतभर लोंबता. पागोळीचं पाणी वायरीवरून घरंगळत येतं, झोलाच्या तळाशी थबकतं आणि खाली पडतं. झोल नसेल तर ते वायरीचं बोट धरून भिंतीत शिरतं. आत आल्यावर जी बारीक पिवळी किंवा पांढरी दोरी राउटरच्या डब्याला लागते, तिच्यात काच आहे आणि काचेतून उजेड धावतो हे विसरू नये. खिळ्याला करकचून बांधली, कपाटामागे दुमडली, तर उजेड वाकणातूनच गळतो. लिंबाएवढ्या गोलाईपेक्षा घट्ट वळण देऊ नका. आणि तंत्रज्ञ निघण्याआधी त्याला मीटर लावून उजेडाच्या जोराचा आकडा दाखवायला सांगा. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या मधे असेल तर ठीक. उणे २७च्या आसपास असेल तर आज चालेल, पण जोडात धूळ-ओल गेली की बंद. तो म्हणेल ‘चालतंय ना काका’. चालतंय हे कनेक्शनच्या दिवशीचं उत्तर आहे, जुलैचं नव्हे.

जुलैत काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. माडाचं वाळकं चुडत खाली येताना वायर घेऊन येतं. फणसाची फांदी येते. वांदर खांबावरच्या वायरीवर झोके घेतात. हायवेच्या बाजूला असाल तर जेसीबीचा दात बारमाही आहेच. डब्यावर एलओएसचा, म्हणजे उजेड पोचत नसल्याचा, लाल दिवा लुकलुकायला लागला आणि डब्यामागची दोरी निसटलेली किंवा दुमडलेली नसेल, तर समजावं, घरात करण्यासारखं काही नाही. डबा दहा वेळा बंद-चालू करून लाल दिवा हिरवा होत नाही. तक्रार नोंदवावी आणि आपल्या आगरातून वायर जात असेल तर एक फेरी मारावी. तुटलेली जागा दाखवणारा माणूस असला की दुरुस्ती निम्म्या वेळात होते.

लाईट गेली तर वेगळं. राउटर जेमतेम ६ ते ८ वॉट खातो. राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या यूपीएसवर तो तीन-चार तास निघतो, फक्त अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा जुळला पाहिजे, १२ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टच. इन्व्हर्टर असेल तर प्रश्नच नाही, ३२ इंची टीव्हीही त्यावर चालतो. पण एक गोष्ट कनेक्शन घेतानाच विचारून ठेवावी: मधे कुठे विजेवर चालणारा नेटवर्कचा स्विच, म्हणजे इंटरनेट घराघरांत वाटणारा डबा, आहे का? मोठ्या कंपन्यांच्या फायबरमध्ये एक्स्चेंजपासून घरापर्यंत बहुधा नुसती काच असते, मधल्या फाट्यांना वीज लागत नाही. गावातल्या छोट्या जोडण्यांमध्ये कोणाच्या तरी पडवीत नाहीतर खांबावरच्या पेटीत स्विच बसवलेला असतो. त्या पडवीतली लाईट गेली की तुमचा यूपीएस नुसताच हिरवे दिवे दाखवत बसतो.

आता भिंत. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत दीड फूट जाड, वर पावसाळ्यात पाणी प्यालेली. राउटर ओटीवर आणि टीव्ही माजघरात असेल तर मधे अशा दोन भिंती येतात. राउटरच्या दोन वाय-फायपैकी ५ गिगाहर्ट्झचं पहिल्याच भिंतीत दम टाकतं. २.४ गिगाहर्ट्झचं पार जातं, पण वेग सोडून. कौलारू घराला एक सोय आहे. बऱ्याच जुन्या घरांत आतल्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत, वर सगळं मोकळं असतं. राउटर माणसाच्या उंचीपेक्षा वर, त्या मोकळ्या पट्ट्यात बसवला तर लहरी भिंतीवरून उड्या मारून जातात. उंदरांची काळजी घ्यायची एवढंच. पत्र्याखाली मात्र त्या नुसत्या आपटतात. याहून बरा उपाय म्हणजे राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर. १५ मीटर वायर काही महाग नसते, १०० मीटरपर्यंत ती कुरकुरत नाही, आणि एकदा ठोकली की टीव्हीपुरता वाय-फायचा विषय संपला.

गणपतीत या वायरीची किंमत कळते. चाकरमानी उतरले की घरात चार मोबाइलचे अठरा होतात. ते नुसतं बघत नाहीत. मखराचे, मोदकांचे, समुद्राचे काढलेले फोटो मागच्या मागे वर चढत असतात, आणि वर चढायची वाट भरली की खाली यायचंही अडखळतं. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करता येतं. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून देव्हाऱ्याजवळ लावावा, गौरी-गणपती गेले की बदलावा. घरचा पासवर्ड एकदा भाच्याला दिला की शिमग्यापर्यंत वाडीभर होतो.

टीव्ही जुना असेल तर त्याच्या एचडीएमआयच्या खाचेत खोचायची, इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी काडी (स्ट्रीमिंग स्टिक) मिळते. तिला टीव्हीच्याच यूएसबीतून वीज द्यायचा मोह होतो. ते भोक बहुधा अर्धा अँपिअर देतं, काडीला एक लागतो, मग ती मालिकेच्या ऐन मोक्यावर स्वतःच बंद होऊन सुरू होते. सोबत आलेला अ‍ॅडॉप्टर भिंतीला लावावा. काडीत जागा ८ जीबी, त्यातली निम्मी तिची स्वतःची. दहा-बारा अ‍ॅप कोंबले की एक दिवस कुठलंच अपडेट होत नाही आणि नेमकं हवं ते उघडत नाही.

आणि अ‍ॅप लागतात तरी किती? चॅनेलांची घरं ठरलेली आहेत. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर (फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन अ‍ॅपांचं लग्न लागलं तेव्हापासून एका छपराखाली), झी मराठी झी-फाइव्हवर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. मराठी बातम्यांचे बहुतेक चॅनेल यूट्यूबवर चोवीस तास फुकट. सह्याद्रीसाठी प्रसार भारतीचं वेव्ह्ज, तेही फुकट. घरात खरोखर कुठल्या मालिका बघतात ते आठवडाभर टिपून ठेवा. दोन वर्गण्यांवर भागतं. घेताना एवढं बघा की मोबाइलपुरता स्वस्त प्लॅन टीव्हीवर चालत नाही, आणि ‘लाइव्ह’ हवंय की झालेला भाग पुरे आहे. पुष्कळ घरांना लाइव्हची गरज फक्त सामन्यांना आणि निवडणुकीच्या निकालाला असते.

आजींचं काय, हा खरा अवघड भाग. त्यांना चॅनेलचा नंबर पाठ असतो. चष्मा नसला तरी अंगठा बरोबर तीन बटणं दाबतो आणि मालिका हजर. त्या नंबराच्या जागी आता चाळीस रंगीत चौकोन. त्यात एखादा चुकून दाबला तर वर्गणी मागतो, दुसरा इंग्रजीत बोलतो, तिसरा विचारतो ‘कोण बघतंय?’. ‘मीच, दुसरं कोण!’ असं उत्तर टीव्हीला मिळतं. यावर थोडं बसून काम करावं लागतं. चारच चौकोन ठेवून बाकीचे काढून टाका. आवाजाचं बटण असलेला रिमोट घ्या; मालिकेचं मराठी नाव त्याला बऱ्यापैकी कळतं. टीव्हीत एचडीएमआय-सीईसी नावाची सोय असते, ती चालू केली की काडी जागी होताच टीव्ही आपोआप त्या बाजूला वळतो आणि ‘नो सिग्नल’चा निळा पडदा दिसत नाही. लॉगिन घरी असणाऱ्याच्याच नंबरावर ठेवा. नाहीतर महिन्या-दोन महिन्यांनी अ‍ॅप बाहेर फेकतं, ओटीपी मुंबईला जातो, तो माणूस लोकलमध्ये लटकलेला असतो आणि इकडे मालिका निघून जाते.

इतकं करूनही वायर तुटायची ती तुटणारच, म्हणून डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची फुकट डिश, राहू द्यावी. एकदा दीड-दोन हजार घातले की महिन्याचं बिल नाही. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. रत्नागिरीच्या आसपासहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर दिसतो, म्हणजे इतका उंच की कुंपणावरचे माड सहसा आड येत नाहीत. जोराच्या सरीत चित्र जातं, कारण त्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या आणि पावसाचे थेंब त्यांना वाटेतच शोषतात. सर ओसरली की परत येतं, कोणाला फोन करावा लागत नाही. शिवाय २००७च्या कायद्यामुळे भारताचे महत्त्वाचे सामने दूरदर्शनला मिळतात, आणि ते इथे दिसतात. शेजाऱ्याच्या आरोळीशी बरोबरी साधायची तर हाच रस्ता.

केबलवाल्याचा बॉक्स परत द्याल तेव्हा पावती घ्या आणि महिना कुठपर्यंत धरलाय ते तिच्यावर लिहून घ्या. छपरावरून उतरलेली जुनी वायर मधून धड असेल तर फेकू नका, दोन्ही टोकं हातभर कापून नवे कनेक्टर लावले की फ्री डिशला चालते. पैसेवाल्या कंपनीची बंद पडलेली डिश मात्र भिंतीवर ठेवू नये. तिचे बोल्ट गंजलेले असतात आणि वादळी वाऱ्यात ती ताटलीसारखी सुटते. मे महिन्यात उतरवा, आणि भिंतीतली चार भोकं लगेच सिमेंटनं बुजवा. मृगाचं पाणी त्याच भोकांतून टीव्हीच्या मागे उतरतं.