रोटरी इंजिन जोडण्याआधी: कोणता भाग कोणाचा?

पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणारे रोटरी इंजिन सुट्या भागांच्या रूपात हाती आले, तर ते सगळे भाग एकाच इंजिनाचे आहेत असे गृहीत धरू नये. रत्नागिरीतील माझ्या शेडमध्ये सध्या माझदा या जपानी मोटार कंपनीच्या १३-बी इंजिनाचे काम चालू आहे आणि मालकाने जमवलेल्या भागांत दोन वेगळ्या काळांतील वस्तू मिसळलेल्या आहेत. मिरकरवाड्यात ट्रॉलरची डिझेल इंजिने उघडणारे मिस्त्री बेअरिंग कॅपवर आधी पंचाने खूण करतात आणि मगच ती सोडवतात. रोटरीत ही शिस्त अधिकच कडकपणे पाळावी लागते, कारण येथे चुकीचा भागही पुष्कळदा बिनबोभाट बसतो.

माझदाच्या १०-ए, १२-ए आणि १३-बी या तिन्ही इंजिनांत शाफ्टची उत्केंद्रता (शाफ्टच्या मध्यापासून रोटरचा मध्य जितका बाजूला असतो ते अंतर) १५ मिमी आणि रोटरची त्रिज्या १०५ मिमी असते. फरक आहे तो रोटर हाउसिंगच्या, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या रुंदीत, म्हणजे अनुक्रमे ६०, ७० आणि ८० मिमी. समोरून पाहून काहीच कळत नाही, व्हर्नियर लावावाच लागतो. मात्र ८० मिमी भरले म्हणजे १३-बी एवढेच ठरते, पिढी ठरत नाही. पिढी सांगते ती रोटरच्या टोकावरील एपेक्स सीलची (वायू अडवणाऱ्या पट्टीची) खाच: १९८५ पर्यंत ३ मिमी, १९८६ पासून २ मिमी. त्याच सुमारास पाण्याच्या सीलची खाचही ॲल्युमिनियमच्या रोटर हाउसिंगमधून बाजूच्या बिडाच्या हाउसिंगमध्ये गेली. जुने बिडाचे हाउसिंग आणि नवे रोटर हाउसिंग एकत्र आले, तर सीलला बसायला खाचच उरत नाही.

सर्वांत जास्त वेळ मी साइड सीलना, म्हणजे रोटरच्या सपाट बाजूंवरील पट्ट्यांना देतो. कोपऱ्यातील कॉर्नर सील आणि साइड सीलचे टोक यांच्यामधील फट ०.०५ ते ०.१५ मिमी असावी लागते आणि त्यासाठी प्रत्येक सीलचे टोक त्याच्याच खाचेत बसवून, फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) पाहत, बारीक घासावे लागते. एका खाचेसाठी घासलेले सील शेजारच्या खाचेत सैल पडू शकते. म्हणून प्रत्येक रोटरची सहाही साइड सील मी कप्प्यांच्या डबीत, पुढची-मागची बाजू लिहून ठेवतो. पेनची खूण रॉकेलने धुतली जाते, तेव्हा तारेने बांधलेली पत्र्याची चकतीच बरी. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत बिडाचे हाउसिंग धुतल्याबरोबर त्याला तेलाचा हात द्यावा, नाहीतर गंज लगेच धरतो.

रोटरच्या जोडीबाबत तडजोड नको. माझदाच्या दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मोटारीत टर्बो इंजिनाचे कॉम्प्रेशन गुणोत्तर आधी ८.५ आणि १९८९ पासून ९.० होते, टर्बो नसलेल्यांचे ९.४ व नंतर ९.७, रोटरच्या अंगावरील खळग्याची खोली त्यानुसार बदलते. रोटरवर वजनाच्या वर्गाचे अक्षरही ठोकलेले असते. दोन्ही अक्षरे एकच किंवा लगतची असावीत. शिवाय पुढचे प्रतिवजन आणि फ्लायव्हील त्या रोटरांच्या वजनाला जुळणारेच हवे, कारण येथील संतुलन शाफ्टच्या दोन्ही टोकांवरून साधलेले असते. माझ्याकडील दोन रोटरांचे खळगे सारखे नाहीत, त्यामुळे योग्य जोडीदार मिळेपर्यंत शाफ्ट तेल लावून गुंडाळून ठेवला आहे.