अध्यक्षांची खुर्ची रिकामी

२०२१ च्या डिसेंबरमध्ये साहित्य संमेलन आपल्या नाशकात होतं ना, आडगावला, तेव्हा मी फक्त एका माणसासाठी गेलो होतो आणि नेमका तोच आला नाही. जयंत नारळीकर, खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार. संमेलनाध्यक्ष! वय ८३, तब्येत बरी नाही, त्यात कोरोनाचे दिवस, त्यामुळे तक्रार नाहीच हो, पण अवकाळी पावसाच्या चिखलातून पँट वर करून आत पोचलो होतो. शेजारचे काका म्हणाले, "नवरदेवाशिवाय वरात आहे ही."

मला मात्र हसूच आलं, कारण त्यांचीच 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आठवली. त्यात पंत म्हणजे इतिहासाचे प्राध्यापक, ९९९ सभांचे अध्यक्ष झालेले, ट्रकची धडक बसते आणि ते थेट अशा जगात जातात जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. का, तर विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाला चाटून गेली, बस. तिथे आझाद मैदानावर व्याख्यान चालू असतं, स्टेजवर अध्यक्षांची खुर्ची रिकामी, पंतांना राहवत नाही, जाऊन बसतात आणि पब्लिक अंडी-टोमॅटो मारतं! अध्यक्षांच्या भाषणांना कंटाळून तिथल्या लोकांनी ती पद्धतच बंद केलेली असते, खुर्ची आपली नावाला. आता हे लिहिणाऱ्याचीच खुर्ची नाशकात रिकामी राहावी म्हणजे कमाल आहे.

तसं बघितलं तर खुर्चीवाचून, नावावाचून काय होतं हे बघायची त्यांना हौसच होती असं मला वाटतं. केंब्रिजमध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयलबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, २६ व्या वर्षी पद्मभूषण, म्हणजे नाव केवढं! तरी १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. जयंत विष्णु नारळीकर, म्हणजे ज. वि. ना., उलटं करून बघा. वर अक्षर कोणी ओळखू नये म्हणून बायकोकडून, मंगलाताईंकडून, लिहून घेतली. पहिला नंबर आला तो जगतापांचा.

पुढे ज्योतिषांनाही त्यांनी हाच न्याय लावला. २०० मुलांच्या पत्रिका, १०० हुशार आणि १०० मतिमंद, नावं झाकलेली, ओळखा म्हणाले. अंधश्रद्धा निर्मूलनवाले नरेंद्र दाभोलकर, ज्योतिषाची चिकित्सा करणारे प्रकाश घाटपांडे वगैरे मंडळी सोबत होती. २७ ज्योतिषांची उत्तरं आली आणि बरोबर किती? सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी तेवढं जमलं असतं. हे आमच्याकडे, त्र्यंबकच्या वाटेवर, जिथे दर चार घरांमागे एक पत्रिका बघणारा, मोठ्याने बोलायची सोय नाही. माझ्या लग्नाच्या वेळी गुण जुळत नाहीत म्हणून सहा महिने घोळ घातला होता, जाऊ दे.

२० मे २०२५ ला नारळीकर पुण्यात झोपेतच गेले. मुलांना ते नुसती सही द्यायचे नाहीत, पोस्टकार्डावर प्रश्न विचारा, उत्तराखाली सही करून पाठवतो म्हणायचे. हे ऐकून शाळेत असताना मीपण कार्ड आणलं होतं, 'माननीय नारळीकर सर' इथपर्यंत लिहिलं आणि प्रश्नच सुचेना. दोन दिवस टेबलावर पडलं होतं, मग पप्पांनी तेवढी ओळ खोडून त्याच्यावर मामाला द्राक्षांच्या पेट्या कधी पाठवतो ते कळवून टाकलं.