हम्फ्रीचा पगार आणि आमचा बांध

आमच्या खाडीकाठच्या बांधाला खांड पडली त्याला चार वर्षं झाली. उधाणाचं खारं पाणी सरळ भातात घुसलं, काकांचं गुडघाभर वाढलेलं भात आठवड्यात पिवळं पडलं. आणि कागदावर त्याच बांधाची दुरुस्ती आदल्या वर्षीच पूर्ण झालेली! म्हणून मी माहिती अधिकारात मेजरमेंट बुकची, म्हणजे झालेल्या कामाचं मोजमाप लिहायच्या सरकारी वहीची, कॉपी मागितली. उत्तर नाही. पहिलं अपील केलं तर म्हणे फाईल सापडत नाही, मग दुसरं अपील थेट माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. सुनावणीत आयुक्तांनी अधिकाऱ्याला एवढंच विचारलं, "फाईल नाही, मग बिल कशावर काढलंत?" पंधरा दिवसांत कॉपी घरी आली. त्यात लिहिलंय उघाडीची (बांधातून पाणी सोडायच्या वाटेची) दारं नवीन बसवली, आणि मी जाऊन बघितलं तर तीच जुनी, कुजलेली, हात लावला की लाकडाचा भुगा पडतोय.

हे आत्ता आठवलं अमेरिकेतल्या रिबेका स्लॉटर यांच्या केसमुळे. त्या फेडरल ट्रेड कमिशनच्या, म्हणजे तिकडे कंपन्यांच्या गैरव्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या, सदस्य होत्या, मार्च २०२५ मधे ट्रम्पनी त्यांना काढलं आणि त्या कोर्टात गेल्या. हे कमिशन १९१४ चं, पाच सदस्य, सात वर्षांची मुदत, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नाहीत, आणि कायद्यात स्पष्ट आहे की अकार्यक्षमता, कर्तव्यात कसूर किंवा गैरवर्तन असेल तरच राष्ट्राध्यक्ष काढू शकतो. १९३३ मधे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनीही असंच याच कमिशनच्या विल्यम हम्फ्रींना काढलं होतं, कारण काय तर धोरणं जुळत नाहीत. हम्फ्री पुढच्याच वर्षी वारले, पण त्यांच्या इस्टेटीचा कारभार बघणाऱ्याने थकलेल्या पगारासाठी केस लढवली आणि १९३५ मधे सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, असं काढता येत नाही. एका मेलेल्या माणसाच्या पगाराच्या त्या निकालावर तिकडच्या कितीतरी स्वतंत्र संस्था इतकी वर्षं उभ्या राहिल्या.

ट्रम्पच्या बाजूचं म्हणणं असं की लोकांनी निवडून दिलंय राष्ट्राध्यक्षाला, कमिशनरला कोणी मत दिलेलं नाही, मग सरकारचा कारभार त्याच्या हातात नको का. मुद्दा बिनबुडाचा नाही, मी दोन दिवस त्यावर विचार करत होतो. पण मला सारखे ते आयुक्त आठवतात. समोर सरकारचाच अधिकारी बसलेला, तरी ते बोलू शकले कारण त्यांना फोनवरून घरी पाठवता येत नाही, त्यासाठी राज्यपालांनी प्रकरण आपल्या सुप्रीम कोर्टाकडे चौकशीला पाठवावं लागतं. ती भिंत नसती तर आमचं मेजरमेंट बुक आजही हरवलेलंच असतं.

आपल्याकडे ही भिंत पोखरायला वेगळी वाट सापडली. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात आयुक्तांना पाच वर्षं होती आणि पगार कायद्यानेच बांधलेला, २०१९ मधे दुरुस्ती करून मुदत आणि पगार दोन्ही केंद्राच्या हातात गेले आणि नियमाने मुदत तीन वर्षांवर आली. काढायची गरजच काय मग? याबद्दल आमच्याकडे कोणी बोलतही नाही आणि मला त्याचा खरंच राग येतो.

काका यंदाही त्या तुकड्यात भात लावणार नाहीत म्हणाले. मेजरमेंट बुकच्या कॉप्या घेऊन मी सोमवारी परत ऑफिसला जातोय.